जयनगरमार्गे नेपाळ : स्वस्त आणि सोपे, पण आधार कार्डावर निघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की नेपाळ सहलींच्या जाहिराती सुरू होतात. विमान, काठमांडू, पोखरा आणि हॉटेल यांपलीकडे त्यांत काही नसते. मुंबईहून रेल्वेने थेट सीमेपर्यंत जाऊन पुढे नेपाळमध्येही रेल्वेनेच शिरता येते, आणि तिथे गावातल्या घरात पाहुणा म्हणून राहता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना माहीत असते त्यांतलेही बरेच जण अर्धवट माहितीवर निघतात आणि जयनगरच्या फलाटावर अडकतात. पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात फिरू पाहणाऱ्या तरुण वाचकांसाठी हे पत्र आहे.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून पवन एक्स्प्रेस बिहारमधल्या जयनगरपर्यंत जाते. प्रवास दीड दिवसाचा धरावा आणि उशिराची तयारी ठेवावी. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. छठपूजा, होळी आणि लग्नसराईत या मार्गावरची स्लीपरची तिकिटे बघता बघता संपतात, त्यामुळे त्या आठवड्यांत हा बेत करूच नये. जयनगरचे तिकीट मिळाले नाही तर दरभंग्यापर्यंत यावे, तिथून जयनगरला पॅसेंजर गाड्या आहेत.

जयनगरला भारतीय रेल्वेच्या स्थानकालगतच नेपाळ रेल्वेचे वेगळे स्थानक आहे. इथून जनकपूरमार्गे कुर्थापर्यंतची सुमारे ३५ किलोमीटरची ब्रॉडगेज सेवा २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाली आणि जुलै २०२३ मध्ये ती बिजलपुऱ्यापर्यंत वाढली. याच मार्गावर १९३७ पासून नॅरोगेज गाडी धावत असे. ती २०१४ साली थांबली आणि मधली आठ वर्षे रूळ सुने होते. आज तिथे धावणारे डेमूचे, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या गाडीचे, दोन संच आपल्या कोकण रेल्वेने २०२० मध्ये नेपाळला पुरवले आहेत. बेलापुरात मुख्यालय असलेल्या महामंडळाचे हे काम महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

या गाडीचे तिकीट खिडकीवरच काढायचे असते, ते आयआरसीटीसीच्या तिकिटाला जोडता येत नाही. साध्या डब्याचे जनकपूरचे भाडे शंभर रुपयांच्या आत आहे. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि त्यांच्या वेळा बदलतात. फलाटावरची पाटी नेपाळी वेळेची आहे की भारतीय, हे खिडकीवर विचारून घ्यावे, कारण नेपाळचे घड्याळ आपल्या पंधरा मिनिटे पुढे असते. शेवटची गाडी चुकली तर रात्र जयनगरलाच काढावी. अंधारात अनोळखी वाहनाने सीमा ओलांडण्याच्या फंदात पडू नये.

आता मुख्य मुद्दा, ओळखपत्राचा. १९५० च्या करारामुळे भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, आणि सुनौली किंवा रक्सौलच्या सीमानाक्यावरून रस्त्याने लोक सहज ये-जा करताना दिसतात. त्यावरून ‘आधार असले की झाले’ असा समज पसरला आहे. रेल्वेत आणि विमानात तपासणी होते. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांनाच आधार, पॅन यांसारखी छायाचित्राची इतर कागदपत्रे चालतात. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचे मतदार ओळखपत्र नसतेच, त्यामुळे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यातले ओळखपत्र घ्यावे लागते. महाविद्यालयाचे ओळखपत्र किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही, मूळ कार्ड जवळ ठेवावे. गटात कुणी परदेशी मित्र असेल तर त्याला या गाडीत घेत नाहीत. भारत आणि नेपाळ सोडून इतर देशांच्या नागरिकांनी रक्सौल किंवा सुनौलीसारख्या नाक्यांवरून जावे.

पैशांचे गणित सोपे आहे. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. कुणी यापेक्षा कमी देऊ लागला तर पुढच्या दुकानात जावे. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नियम पुढे कसेही बदलोत, खेड्यातला दुकानदार शंभराची नोट घेतो आणि पाचशेची परत करतो, एवढे लक्षात ठेवून शंभराच्याच नोटा न्याव्यात. मार्च २०२४ पासून नेपाळी दुकानांतल्या क्यूआरवर आपले यूपीआय चालते, पण ती सोय व्यापाऱ्यांपुरती आहे. घरमालकाच्या खासगी खात्यावर तसे पैसे पाठवता येतील असे धरून चालू नये. शनिवारी बँका बंद असतात. गावात शिरण्याआधी तीन दिवस पुरतील इतके नेपाळी रुपये खिशात हवेत.

जनकपुरात जानकी मंदिर आणि कुवा गावातले मिथिला चित्रांचे महिला विकास केंद्र पाहून बहुतेक जण घाईने काठमांडूची गाडी धरतात. बर्दिबासहून सिंधुलीमार्गे जाणारा बीपी महामार्ग जवळचा आहे खरा, पण सप्टेंबर २०२४ च्या पुरात रोशी नदीकाठचा बराच भाग वाहून गेला. पावसाळ्यात त्या रस्त्याने जायचा बेत करू नये. माझ्या मते पहिल्या खेपेला काठमांडू सोडूनच द्यावे. पूर्व-पश्चिम महामार्गाने हेटौडा, भरतपूर करत तराईतून, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातून, पश्चिमेला जावे. बसला अख्खा दिवस लागतो.

घरी राहण्याची खरी मजा या पट्ट्यात आहे. नेपाळमध्ये गावकऱ्यांनी मिळून चालवलेला होमस्टे स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी गावात १९९७ साली सुरू झाला. २०१० मध्ये सरकारने त्याची कार्यपद्धती ठरवली. चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, कावासोतीच्या दक्षिणेला असलेल्या अमलतारीत थारू या तराईतल्या आदिवासी समाजाची कुटुंबे २०१३ पासून पाहुणे घेतात. ही व्यवस्था हॉटेलसारखी नसते. पाहुणा आधी गावाच्या होमस्टे समितीच्या कार्यालयात जातो आणि समिती पाळीने घर नेमून देते. ‘हेच घर हवे’ असा हट्ट धरला की ज्या घराची पाळी आहे त्याचे उत्पन्न बुडते आणि गावात तंटा होतो. जेवणासकट एका माणसाचे रात्रीचे साधारण हजार ते दीड हजार नेपाळी रुपये होतात, म्हणजे आपले सव्वासहाशे ते साडेनऊशे. दर समितीने ठरवलेले असतात. त्यात घासाघीस करणे मला तरी अशोभनीय वाटते, कारण त्यातला वाटा गावाच्या निधीत जातो.

आदल्या दिवशी फोन करावा आणि उजेड असताना पोहोचावे. तांदूळ किती शिजवायचा हे त्या फोनवर ठरते. न कळवता रात्री आठला चौघे दारात उभे राहिले तर घरातली बाई उपाशी झोपण्याची शक्यता असते. शाकाहारी असाल तर फोनवरच सांगा आणि अंडे चालते का तेही सांगा. थारू स्वयंपाकात मासे असतात, गोगलगाय म्हणजे घोंगीही असते. तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिक्री मात्र कुणालाही चालते, ती मागून खावी. बोलावल्याशिवाय चुलीपाशी जाऊ नये. अंधार पडल्यावर एकट्याने शेताकडे फिरायला जाऊ नये, कारण पिकांवर गेंडे येतात आणि गेंडा माणसाला बघून वाट सोडत नाही. मच्छरदाणी आहे का हे आधी विचारावे, बॅटरी आणि पाण्याची बाटली आपली असावी.

परतीसाठी पुन्हा जयनगर गाठण्यात दोन दिवस वाया जातात. कावासोतीहून बुटवल, भैरहवा आणि सुनौली असे उतरावे. नारायणघाट ते बुटवल रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालले आहे, तेव्हा नकाशा दाखवील त्याच्या दुप्पट वेळ धरावा. सुनौलीपासून नौतनवा स्थानक सात-आठ किलोमीटरवर आहे, पण तिथून गाड्या कमी आहेत. गोरखपूरला थेट बस मिळते, तिला तीन तास धरावेत. गोरखपूरहून मुंबईला कुशीनगर आणि काशी एक्स्प्रेस आहेत. सीमा ओलांडायची त्याच दिवशीचे आरक्षण मुळीच काढू नये, दुसऱ्या दिवशीचे काढावे आणि मधली रात्र गोरखपुरात राहावे.

आपल्या प्रवास पुरवणीत नेपाळवर लेख येईल तेव्हा ओळखपत्रांची यादी वयोगटानुसार चौकटीत छापावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कल्याण