मुरुमांचे उपाय छापताना प्रमाण आणि मुदतही छापा

माननीय संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीत मुरुमांविषयी डॉक्टरांचा लेख आला की शेजारी घरगुती उपायांची चौकट असते. मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे. तरुण मुलं-मुली त्या पानावरचं सगळं एकाच चेहऱ्यावर करून आमच्याकडे येतात. सकाळी लिंबाचा रस, दुपारी खाण्याचा सोडा, रात्री डॉक्टरांनी दिलेलं जेल. गाल लालबुंद, सालं निघालेली, आणि सोबतची आई म्हणते, ‘हिला औषध सोसत नाही.’ औषधाआधी लिंबानं त्वचा भाजलेली आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. निरोगी त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ आणि सोड्याचा ८ च्या वर. हा मारा कुठली त्वचा झेलेल?

वनस्पतींपासून मिळणाऱ्या उपायांना माझा विरोध मुळीच नाही. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाच्या ५ टक्के जेलची, मुरुमांचे जिवाणू मारणाऱ्या ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड या औषधाशी तुलना ऑस्ट्रेलियात झाली. १२४ रुग्णांवरचा तो अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. मुरूम दोन्हींनी कमी झाले. तेलाचा गुण सावकाश आला, पण त्रास कमी झाला. हे जरूर छापा. मात्र ‘५ टक्के’ हे शब्द गाळू नका. बाटलीतलं निव्वळ तेल थेट पुळीवर लावून त्वचा पोळलेले रुग्ण आम्ही पाहतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो औषध अर्धवट सोडणाऱ्यांसाठी. अ‍ॅडापलीन जेल (रंध्रं बुजू न देणारं मुरुमांचं औषध) सुरू केलं की पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, चुरचुरतो, कधी पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. नेमक्या त्या वाईट आठवड्यांत मुलं ट्यूब फेकून देतात आणि नवा उपाय शोधू लागतात. म्हणून मी प्रत्येकाला बसवून दाखवते: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं जेल, फक्त पुळीवर नाही तर मुरूम येतात त्या सगळ्या भागावर, सुरुवातीला एक रात्र सोडून, वर साधं मॉइश्चरायझर. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचंही चांगलं काम करतं आणि १० टक्क्यांपेक्षा कमी झोंबतं. त्यानं उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चेहरा घासून मुरूम जात नाहीत. संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल बनवतात, रंध्रांची तोंडं मृत पेशींनी बुजतात, आत जिवाणू वाढतात आणि दाह होतो. यात अस्वच्छतेचा दोष नाही. हे ऐकल्यावर काही मुलींचे डोळे भरून येतात, कारण ‘तोंड नीट धूत जा’ हेच त्या वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या असतात. सौम्य साबणानं दिवसातून दोनदा धुणं पुरे.

स्टेरॉइड असलेली मलमं कुणाच्या सांगण्यावरून लावू नयेत. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्याच मलमामुळे पुळ्या उठतात आणि त्वचा पातळ होते. अँटिबायोटिक मलमही दुसऱ्या औषधाच्या जोडीशिवाय दीर्घकाळ वापरलं की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

माझी विनंती एवढीच, की प्रत्येक उपायाशेजारी, मग तो वनस्पतीचा असो वा औषधाचा, किती टक्के, किती वेळा, किती आठवडे आणि कशासोबत लावायचा नाही, हे छापावं. खोलवर दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडू लागणं, किंवा मुरुमांबरोबर अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर दाट केस असतील तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावं, हेही लिहावं. आणि तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांचा उल्लेख येईल तिथे एक वाक्य ठळक अक्षरांत हवंच: या गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, कारण बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकतं.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, त्वचारोग विभाग