इंग्रजीची परीक्षा कानाचीही घ्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की 'फाडफाड इंग्रजी बोला'च्या जाहिराती सुरू होतात. बोलायचं सगळेच शिकवतात, ऐकायचं कोणी काढत नाही. मी 29 वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, आधी ऑइलर, मग फिटर. म्हणून चार शब्द लिहितो.

माझ्या पुतण्याच्या मुलाला बोटीवर जायचं आहे. जी. पी. रेटिंगच्या, म्हणजे बोटीवरच्या साध्या खलाशाच्या, कोर्सला इंग्रजीत किमान 40 टक्के लागतात, याला 71 आहेत. मागच्या महिन्यात त्याची फोनवर मुलाखत झाली. पलीकडून प्रश्न आला, 'वॉड्जु डू आफ्टर टेन्थ?' पोरगा गप्प. मग घाबरून 'यस सर' म्हणाला. फोन ठेवल्यावर मी तोच प्रश्न कागदावर लिहून दिला, 'व्हॉट डिड यू डू आफ्टर टेन्थ?' बघतो तर म्हणतो, "ह्याच विचारल्यान?"

त्याला हसायचा मला अधिकार नाही. 1981 साली बोटीवर चढलो तेव्हा केबिनमध्ये शॉर्टवेव्ह रेडिओ होता. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर परदेशी श्रोत्यांसाठी जेमतेम दीड हजार शब्दांत, संथ लयीत इंग्रजी बातम्या लागत. त्या समजायला लागल्या तशी माझी कॉलर ताठ झाली. पुढच्या बोटीवर चीफ इंजिनियर स्कॉटलंडचा. ल्यूब ऑइलच्या फिल्टरपाशी मी स्पॅनर घेऊन उभा, तर तो ओरडला, 'यू कॅने ओपन दॅट!' मी 'कॅन' ऐकलं आणि बोल्ट सैल केला. त्याच्या बोलीत 'कॅने' म्हणजे 'कॅनॉट'. आत प्रेशर होतं. गरम तेलाचा डाग मनगटावर अजून आहे. चीफने नंतर दिलेल्या शिव्या मात्र एका झटक्यात समजल्या.

यात शब्दसंग्रहाचा प्रश्नच नव्हता. इंग्रजीत ज्या शब्दावर जोर तो खणखणीत येतो आणि 'डू', 'टू', 'ऑफ', 'हॅव' असली बारकी मंडळी मधल्या फटीत कोंबली जातात. 'गोइंग टू'चं 'गना' होतं, अमेरिकन माणूस 'वॉटर'ला 'वॉडर' म्हणतो. आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याची जागा देतो, म्हणून आपला कान सुटे शब्द शोधत बसतो आणि तोवर बोलणारा पुढच्या वाक्यात गेलेला असतो. अर्थात आपणही काही कमी नाही. पुस्तकात 'कुठे गेला होतास', तोंडात 'कुठं गेल्तास'.

माझी सून नागपूरची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बहिणीने दारातून विचारलं, "खंय चल्लंस गो?", म्हणजे 'कुठे चाललीस गं?' सून हसून म्हणाली, "हो, हो." दोन पावसाळे गेले, आता ती बंदरावर बांगड्याचा भाव मालवणीतून पाडते. तिला कोणी व्याकरणाचं पुस्तक दिलं नव्हतं.

समुद्रावर ही अडचण केव्हाच ओळखली गेली. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली बोटींसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली. त्यांत 150 सांगायचे तर 'वन फाइव्ह झिरो' असा एकेक आकडा सुटा म्हणायचा. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' टाळायचे, कारण त्यांतून परवानगी, सल्ला की शक्यता ते कळत नाही. आणि ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. हे नियम लंडनच्या कॅप्टनलाही लागू. पण रेडिओ खाली ठेवून तोच कॅप्टन मेसमध्ये जेवायला बसला की पुन्हा शब्द गिळायला मोकळा, आणि आमच्या पोरांना त्या मेसमध्येही बसायचं असतं.

राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण या पोराच्या शाळेत 'ऐकणे' म्हणजे सरांनी उतारा सावकाश, शब्द तोडून वाचायचा. असं इंग्रजी जगात कुठल्याही बंदरावर कोणी बोलत नाही. शिक्षण मंडळाला विनंती, की तोंडी परीक्षेत खऱ्या गप्पांचं, निरनिराळ्या देशांतल्या माणसांचं ध्वनिमुद्रण वाजवा. शिक्षकांवर फार खर्च पडणार नाही, मोबाइल सगळ्यांकडे आहे.

आम्ही सध्या रात्री जेवणं झाली की पडवीत बसतो. एक मिनिटाचा तुकडा, तीनदा नुसता ऐकायचा, मग त्याचा मजकूर वाचायचा, मग पुन्हा ऐकायचा. मिनिटाच्या वर नाही, कारण मग कान बंद होतो आणि डोकं अंदाज मारायला लागतं. पहिला आठवडा पोरगा वैतागला होता. काल त्याने 'शुड्डव' पकडलं, 'शुड हॅव'. मला विचाराल तर मला ते दुसऱ्यांदाही ऐकू आलं नाही. इंजिनाने माझा डावा कान कधीच खाल्ला आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर,
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग