सिकलसेलच्या संशोधनात आमच्या पोरांनाही घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझी लहान बहीण सिकलसेलची पेशंट, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही रक्तातला हा दोष आलेली. रोवणीत दिवसभर बांधीतल्या गार पाण्यात उभी राहिली की रात्री गुडघे अन् पाठ धरते, उशी दाताखाली धरून रडते, आई गरम पाण्याची पिशवी बदलत राहते अन् घर सगळं जागं.

तीनेक वर्षांआधी एक टीम गावात आली, सह्या घेतल्या, रक्त नेलं, म्हणाले कॉम्प्युटरवर औषध शोधायचं काम चालू आहे. आम्हाला लय बरं वाटलं, खरंच. नंतर ना रिपोर्ट ना फोन.

मी बीएस्सी केमिस्ट्री केलंय म्हणून थोडंफार वाचतो. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस एवढाच बदल, पण त्यानं ऑक्सिजन सुटला की रेणू एकमेकाला चिकटून लांब दोऱ्या होतात अन् लाल पेशी विळ्यासारखी वाकते. त्या हिमोग्लोबिनचा आकार कॉम्प्युटरवर उघडून कोणत्या खाचेत कोणता रेणू बसतो ते बघतात, हजारो रेणू स्क्रीनवरच गाळून मोजकेच लॅबमध्ये नेतात. प्रथिनांचे आकार साठवलेली प्रोटीन डेटा बँक फुकट, रेणू खाचेत बसवून बघायचं सॉफ्टवेअर ऑटोडॉक फुकट. मग आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बीफार्मच्या पोरांनी हे का करू नये?

अर्थात स्क्रीनवर बसलं म्हणजे औषध झालं असं नाही. व्हॉक्सेलोटर हे हिमोग्लोबिनलाच चिकटणारं सिकलसेलचं औषध अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं अन् २०२४ ला कंपनीनं जगभरातून परत घेतलं. शेवटी पेशंटपाशी यावंच लागतं, अन् आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या पेशंटपेक्षा जास्त असतं, अन् ते जास्त असलं की पेशी कमी वाकतात, मग तिकडचा हिशोब इकडे जसाच्या तसा कसा लागेल? मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा पेपर १९५८ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तेव्हापासून आमचं रक्त जातच आहे.

म्हणून मोठ्या संस्था करार करतात तेव्हा त्यात इथलं एखादं कॉलेज बरोबरीनं असावं, पोरांना ट्रेनिंग मिळावं, पेपरवर त्यांचंही नाव यावं, अन् ज्याचं रक्त नेलं त्याला काय सापडलं ते मराठीत, गोंडीत घरी येऊन सांगावं. सापडलं नाही तर तेही सांगा, आम्हाला समजतं.

बहिणीच्या सॅम्पलची नंबर लिहिलेली चिठ्ठी आईनं अजून रेशनकार्डात जपून ठेवली आहे. ती कुणाला दाखवायची, तेवढं कुणीतरी सांगा.

आपला,
एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली