शॉर्टकट चालत नाही, म्हणून लिनक्स नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यानंतर आमच्या ओळखीच्या काही टायपिंग आणि डीटीपी व्यावसायिकांनी जुने, पण धडधाकट संगणक उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या मोफत प्रणालींवर नेले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून भाऊसिंगजी रोड परिसरात एकाच बैठकीत मराठी व इंग्रजी मजकूर करून देण्याचे काम नित्याचे झाले आहे. मात्र ‘आपण सेट केलेले शॉर्टकट चालत नाहीत’ एवढ्या एका कारणावरून नवी प्रणाली काढून टाकण्याचे प्रकार घडत आहेत, आणि संगणक बसवून देणारेही ‘लिनक्स असंच असतंय’ म्हणून मोकळे होतात. हे पटण्यासारखे नाही.

दोष कळांमध्ये आहे की कमांडमध्ये, म्हणजे त्या कळांना जोडलेल्या आज्ञेत, हे आधी वेगळे करावे. त्याच शॉर्टकटला तात्पुरते कॅल्क्युलेटर जोडून पाहावे. ते उघडले, तर कळा निर्दोष आहेत आणि चूक कमांडमध्ये शोधावी. कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालते पण शॉर्टकटने चालत नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. उबुंटूच्या नेहमीच्या ग्नोम डेस्कटॉपवर शॉर्टकटची कमांड शेलमधून (टर्मिनलमधील आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅममधून) जात नाही, त्यामुळे घरच्या फोल्डरसाठीचे नागमोडी चिन्ह (~) किंवा दोन कमांड जोडणारी उभी रेघ (|) तेथे निरुपयोगी ठरते. फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा, अथवा सर्व ओळी छोट्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाइलमध्ये, ठेवून तिला चालवण्याची परवानगी द्यावी.

कॅल्क्युलेटरही उघडले नाही, तर मात्र कळांकडे वळावे. आणि मराठी टंकलेखकाची खरी अडचण बहुधा येथेच असते. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या मांडणीत (लेआउटमध्ये) टी च्या कळीवर दीर्घ उकार आहे आणि सी च्या कळीवर म. मराठी चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-टी दाबले, की प्रणालीकडे टी ऐवजी उकार पोहोचतो. बहुतेक डेस्कटॉप अशा वेळी यादीतील इंग्रजी लेआउटचा आधार घेऊन निभावून नेतात. पण इंग्रजी काढून टाकून एकटे मराठीच ठेवले असेल किंवा ते पहिल्या क्रमांकावर असेल, तर काही डेस्कटॉपवर आणि काही प्रोग्रॅममध्ये शॉर्टकट गप्प राहतात. म्हणून इंग्रजी पहिले व मराठी दुसरे ठेवावे आणि नवा शॉर्टकट नोंदवताना इंग्रजी चालू असावे. मराठीच्या अभिमानाचा येथे काहीही संबंध नाही.

भाषा बदलण्यासाठी ऑल्ट-शिफ्ट ठेवणाऱ्यांनी त्या जोडीने सुरू होणारे शॉर्टकट करूच नयेत, कारण भाषा बदलते आणि पुढचे काम राहून जाते. आयबस ही भाषा-टंकनाची सोय वापरणाऱ्यांना कंट्रोल-शिफ्ट-यू वर युनिकोड क्रमांकाने अक्षर टाकण्याची सोय आधीच बसवलेली आढळेल. लॅपटॉपवर वरच्या एफ-कळांचे काम बदलणाऱ्या एफएन कळीचा घोळही तपासावा.

विंडोजवर एका कळीने तयार परिच्छेद उमटवण्याची सवय असलेल्यांनी तेच काम लिनक्सवर एक्सडूटूल या कळा आपोआप दाबणाऱ्या प्रोग्रॅमने बसवलेले असते. वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या खिडक्यांमध्ये ते भरवशाने अक्षरे टाकू शकत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या पडद्यावर गिअरच्या चिन्हातून एक्सऑर्ग (Xorg) ही जुनी व्यवस्था निवडता येते, २५.१० पासून ग्नोमपुरती ती सोय उरलेली नाही. त्यामुळे दुकानदाराची नड पाहून आवृत्ती निवडणे हे बसवून देणाऱ्याचे काम आहे, आणि त्याचे तो पैसेही घेतो.

शहरातील टंकलेखन व संगणक प्रशिक्षण संस्थांनी इन्स्क्रिप्ट शिकवतानाच लेआउटचा क्रम आणि ही तपासणी विद्यार्थ्यांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्यावी, तसेच संगणक बसवून देणाऱ्यांनी ग्राहकाचे रोजचे शॉर्टकट दोन्ही भाषा चालू ठेवून त्याच्यासमोर दाबून दाखवल्याशिवाय बिल करू नये, ही विनंती.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, भाऊसिंगजी रोड, कोल्हापूर