विसरलेल्या झडपेसाठी, म्हणजे आपल्या पोळीभाजीच्या ताईंसाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार, हितचिंतक आणि वर्षभरात मंडळाची वाट विसरलेले स्नेही यांस सप्रेम नमस्कार.

पत्रक घाईत लिहितोय. प्रेसवाल्याला मजकूर आजच हवाय, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे आणि अध्यक्षांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले. वार्षिक अहवाल तसाच बाजूला पडलाय. काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

विषय ताईंचा आहे: त्यांच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत. नाव छापायचं नाही असं त्यांनी बजावलंय आणि छापायची गरजही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आपल्या साहित्य केंद्राची खोली (आजाऱ्यांच्या खुर्च्या-कॉट ठेवतो ती) पत्र्यापर्यंत बुडाली, तेव्हा शाळेत आसऱ्याला आलेल्या माणसांसाठी ज्यांनी दहा दिवस भाकऱ्या थापल्या, त्याच ह्या ताई. त्या वेळी स्वतःचं घर पाण्यात होतं. हिशेब द्यायला गेलो तर म्हणाल्या, "पिठाचे घ्या, हाताचे नको."

दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजायला लागले. दिवसभर ओट्यापाशी उभं राहायचं, सुजणारच, असं त्याही म्हणाल्या आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, सकाळपर्यंत उतरायचं. मग सकाळीही उतरेना. गेल्या दिवाळीच्या आधी सोनाराकडून जोडवी कापून घ्यावी लागली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. "कणकेत बोट घातल्यागत," हे त्यांचेच शब्द. पुढे भूक मेली, पोट फुगलं, उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, डोळ्यांत पिवळेपणा आला. कावीळ समजून झाडपालाही घेऊन झाला. खाणं निम्म्यावर आणि वजन मात्र वाढतंय, हे कोडं शेवटी मिरजेत टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला तेव्हा सुटलं. लिव्हरचा आजार नव्हता. हृदयाच्या उजव्या बाजूची झडप गळत होती.

आता ही झडप कोणती, ते सांगतो. मलाही डिसेंबरपर्यंत माहीत नव्हतं. हृदयात झडपा चार. उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जे दार आहे त्याला तीन पाकळ्या असतात, म्हणून ती त्रिदली. डॉक्टर तिला ट्रायकस्पिड म्हणतात. अंगभर फिरून आलेलं रक्त ह्या दारातून खाली उतरतं आणि खालचा कप्पा ते फुप्फुसांकडे ढकलतो. ढकलताना दार घट्ट लागायला हवं. नाही लागलं की रक्त उलटं वर येतं.

सांगलीच्या माणसाला फुगवटा समजावून सांगायला नको. नदीचं पाणी पुढे सरकेना झालं की ओढे उलटे वाहतात आणि पुलापासून लांब असलेल्या घराच्या मोरीतून पाणी वर येतं. ताईंच्या अंगात तेच चाललंय. हृदयात तुंबलेलं रक्त शिरांमध्ये मागे रेटतं. मानेची शीर उडताना दिसते, लिव्हर सुजतं, पोटात पाणी साठतं आणि शेवटी पाय. मोरी कितीही साफ केली तरी फुगवटा उतरत नाही, तसंच नुसत्या लिव्हरच्या औषधांनी हे बरं होत नाही.

मजा अशी, मजा कसली म्हणा, की बहुतेकांच्या बाबतीत ह्या पाकळ्या स्वतः खराब नसतातच. डाव्या बाजूचा जुना आजार, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर वाढलेला दाब, वर्षानुवर्षं वेडेवाकडे पडणारे ठोके ह्यांनी उजवा भाग ताणला जातो आणि झडपेची चौकट फाकते. चौकटच फाकली तर दोन्ही फळ्या सागवानी असल्या तरी दार लागेल का? काहींना जन्मतःच दोष असतो, काहींना जंतुसंसर्ग होतो, क्वचित पेसमेकरची तार पाकळीला अडते. ताईंचं मूळ मात्र लहानपणच्या घसादुखीत आहे. घशातल्या एका जातीच्या जंतूंमुळे काही मुलांना मागाहून सांधे धरून ताप येतो आणि तो जाता जाता हृदयाच्या झडपांवर घाव घालतो. बहुधा डावीकडच्या द्विदली झडपेवर, कधी जोडीने उजवीकडच्याही. एकदा असा ताप येऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. ताईंचं लग्नानंतर सुटलं. सासरी सांगायची लाज वाटली, एवढंच कारण.

२००१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांची डावीकडची झडप बदलली. धातूची बसवली, आपल्या देशात घडलेली चित्रा व्हॉल्व्ह. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवली. ताईंची आजही खणखणीत आहे. शांत खोलीत त्यांच्या शेजारी बसलं तर टिकटिक ऐकू येते. त्या वेळी उजवीकडे थोडी गळती होतीच, पण डावीकडचं दुरुस्त केलं की उजवीकडचं आपोआप सावरतं असा तेव्हा बऱ्याच ठिकाणी समज होता. काहींचं सावरतंही. ताईंचं नाही सावरलं. कोणाची चूक काढायला हे लिहीत नाही. वैद्यकातच ह्या झडपेला 'विसरलेली झडप' असं नाव पडलं होतं. आता डावीकडचं ऑपरेशन करतानाच उजवीकडची चौकट मोजतात आणि ती ४० मिलिमीटर किंवा जास्त भरली, तर गळती किरकोळ दिसली तरी त्याच वेळी दुरुस्तीचा विचार करतात.

सध्या पाणी काढायच्या गोळ्या चालू आहेत, मीठ तोडलंय (लोणचं-पापड बंद, हे त्यांना ऑपरेशनपेक्षा जड जातंय) आणि पाय बरेच उतरलेत. ते पाहून दोघा-तिघांनी मला विचारलं, मग ऑपरेशन कशाला? गोळ्या म्हणजे पाणी उपसणारी मोटर. गळती तशीच राहते. उजवा कप्पा अजून तग धरून आहे, लिव्हर अजून कडक झालेलं नाही. ते होईपर्यंत थांबलो तर शस्त्रक्रियेचा धोका फार वाढतो आणि एकदा उघडलेली छाती दुसऱ्यांदा उघडायची म्हणजे आधीच जोखीम आहे. म्हणून पुण्यातल्या ऑपरेशनची तारीख पाडव्यानंतरच्या आठवड्यातली धरली आहे.

पाकळ्या वाचवता आल्या तर चौकटीला कडं शिवून ती आवळतील. नाही तर नवी झडप. ह्या जागी बहुधा प्राण्याच्या ऊतीपासून केलेली बसवतात, कारण उजवीकडे रक्ताचा जोर कमी आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरण्याची भीती जास्त. ताई माळकरी. त्यांचा पहिला प्रश्न, "माळ घातलेल्या माणसाला चालंल का ते?" डॉक्टर म्हणाले, आधी कड्याचाच प्रयत्न करू. आपले कीर्तनकार काका म्हणाले, पांडुरंगाची काही हरकत नाही, मी विचारलंय. त्यानंतर ताईंनी सही केली.

आपल्या एका सभासदांच्या अमेरिकेतल्या भाच्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता: जांघेच्या शिरेतून तार नेऊन झडपेला चिमटा लावतात, छाती उघडावी लागत नाही. खरं आहे. तिकडे २०२४ मध्ये अशा चिमट्याला आणि तारेतून बसवायच्या एका नव्या झडपेलाही मान्यता मिळाली. चिमट्याच्या अभ्यासात पहिल्या वर्षात रुग्णांचं जगणं बरंच सुसह्य झालेलं दिसलं, मृत्यू कमी झालेले मात्र दिसले नाहीत. पण ताईंच्या पाकळ्या त्या जुन्या तापाने आखडल्यात, चिमट्याला धरायला पुरेशा नाहीत, असं डॉक्टरांचं मत आहे. खर्चही आपल्या झोळीत मावणारा नाही. भाच्याने व्हिडिओसोबत काही पाठवलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

आता मंडळाविषयी. नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून थोडं सविस्तर. १९९६ साली देवळामागच्या खोलीत एक व्हीलचेअर आणि दोन वॉकर एवढ्यावर हे सुरू झालं. ती व्हीलचेअर गिरणीवाल्या अण्णांची, त्यांच्या आईच्या माघारी दिलेली. अण्णा स्वतः पुढे त्याच खुर्चीवर तीन वर्षं बसले आणि दर महिन्याला भाडं भरल्याशिवाय राहिले नाहीत. वर पावती मागायचे! हळदीच्या अडत्या शेठजींनी दोन फाउलर कॉट (डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या) दिल्या आणि टेम्पोबरोबर स्वतः उतरवायला आले. शाळेच्या मोठ्या बाईंनी पहिली पेन्शन आणून टेबलावर ठेवली, त्यातून पहिला ऑक्सिजन सिलिंडर आला. रिक्षा स्टॉपवाल्यांनी एका दसऱ्याला हारतुऱ्यांचे पैसे वाचवून एअरबेड घेतला. २०१९ मध्ये हे सगळं पाण्यात गेलं. चिखलातून खुर्च्या काढून रॉकेलने पुसणारी कॉलेजची पोरं अजून डोळ्यांसमोर आहेत, त्यातली एक आज नर्स आहे. कोरोनात हवेतून ऑक्सिजन काढणारे सात कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस फिरले, एकही बंद पडला नाही, कारण आपला वायरमन दादा. एक पैसा घेतला नाही त्याने. ह्या सगळ्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. (एक एअरबेड सव्वा वर्ष झालं परत आलेला नाही. कुणाकडे आहे ते आम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही.)

एवढं वैभव असलेल्या मंडळाचं आज काय चाललंय? ताईंसाठी जानेवारीत ग्रुपवर लिहिलं. ग्रुपवर २१२ जण. एकतीस अंगठे आले, सात हात जोडलेले आले, देणग्या आल्या तीन. मनाला लागलं. नंतर सभा बोलावली तर अकरा माणसं. कोण किती देणार विचारलं आणि सगळे पंख्याकडे बघायला लागले. ताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या शांततेत त्यांच्या झडपेची टिकटिक मला टेबलापर्यंत ऐकू येत होती. मग त्याच उठल्या आणि म्हणाल्या, चहा टाकते. त्यानंतर मात्र तिथल्या तिथे काही पाकिटं निघाली, हेही सांगायला हवं. त्या अकरा जणांचा राग नाही, ते आले तरी.

"योजनेत होतं की सगळं फुकट," असं बऱ्याच जणांनी ऐकवलं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा मुख्य खर्च होईल, कागद आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या माणसाकडे, दिलेत. पण आधीच्या तपासण्या झाल्या त्या उधारीवर, पुण्यात सोबतच्या माणसाचं महिनाभर राहणं-जेवण, नंतरची औषधं, रक्त पातळ ठेवायच्या गोळीसाठी वरचेवर करायची आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ते बघायची) आणि तीन-चार महिने बंद राहणारी चूल हे कुठल्या योजनेत बसतं? मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत हेल्पर आहे, बिनपगारी रजा काढणार आहे.

दुसरं काम ह्यालाच जोडून, टू-डी इको शिबिराचं. आपल्या भागात पाय सुजलेली, दम लागणारी, "वयोमानाप्रमाणे चालायचंच" म्हणून गप्प बसलेली माणसं कमी नाहीत. प्रत्येक सूज हृदयाची नसते. मूत्रपिंड, लिव्हर, थायरॉइड, साध्या शिरा, रक्तदाबाची एखादी गोळी, काहीही असू शकतं. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? ज्यांचं पूर्वी झडपेचं ऑपरेशन झालंय आणि "आता बरं आहे" म्हणून ज्यांनी दाखवणं सोडलंय, त्यांनी तर यायलाच हवं. गेल्या वर्षीच्या शिबिरात खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. ह्या वेळी तरी शेजारच्या आजींना हाताला धरून आणा.

जागा संपत आली, म्हणून तपशील एकदमच देतो. ताईंसाठी लागणार २,४०,०००, जमले ७१,५००, बाकी १,६८,५००. टू-डी इको शिबिर ६० जणांचं, सवलतीत माणशी ७०० प्रमाणे ४२,०००. एकूण हवेत २,१०,५०० रुपये, होळीच्या आत. रोख किंवा चेक साहित्य केंद्रात संध्याकाळी ६ ते ८, रविवारी सकाळी १० ते १. चेक मंडळाच्या नावे, ऑनलाइनसाठीचा कोड केंद्राच्या दारावर लावलाय. ८०जी ची (इन्कम टॅक्स सवलतीची) पावती मिळेल, पण २,००० च्या वरची रोख रक्कम सवलतीला धरत नाहीत, तेव्हा चेक बरा. पैसे नसतील तर रक्त द्या: चार बाटल्या लागतील, कुठलाही गट चालेल, बदली द्यायची आहे, नावं वायरमन दादाकडे. पुण्यात महिनाभर एक खोली कुणाच्या ओळखीत असेल तर त्याच रात्री कळवा. ताईंच्या माघारी डब्यांची बारा घरं आहेत, ती सांभाळायला दोन बायका हव्यात, पगारी. इको शिबिर पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी ९ ला शाळेत. जुने कागद, चालू गोळ्या आणि रेशनकार्ड आणणे, उपाशीपोटी यायची गरज नाही. सूज असणाऱ्यांनी आणि जुन्या ऑपरेशनवाल्यांनी नाव आधी द्यावं, बाकीच्यांनी जागा उरली तर. फोन नंबर सगळ्यांकडे आहेत, फक्त दुपारी दोन ते चार करू नका, मी तेवढाच झोपतो.

आणि एअरबेड आणून द्या. ताई परत आल्या की लागणार आहे.

आपला,
चिटणीस