ओमच्या खेळाबद्दल आणि तुमच्या येण्याबद्दल

प्रिय आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर "बरं, तुमचं तुम्ही बघा" म्हणालीस, ते मनातून जाईना. सांगूनच टाकते. ओमचा शुक्रवारचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ बंद करायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हाही पोरं आमच्या तळघरात जमतील.

या खेळाने भूतबाधा होते म्हणणारा, मावशीने पाठवलेला व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. सगळं जुनंच उगाळलंय. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली लेक जिनिव्हा गावात निघाला, आमच्या मिलवॉकीपासून गाडीने तासाभरावर. १९७९ मध्ये मिशिगनमधला सोळा वर्षांचा एक हुशार विद्यार्थी नाहीसा झाला आणि खेळाच्या नादात विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला अशी आवई उठली. महिन्याभराने तो जिवंत सापडला, पार लुईझियानात. त्याची दुखणी वेगळीच होती, पण खेळावरचा डाग राहिला. १९८३ साली, मुलगा गमावलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना काढली. तिच्या दुःखाबद्दल मी काय बोलणार? पण पुढच्याच वर्षी जॅक चिक या ख्रिस्ती प्रचारकी चित्रकाराने, या खेळातून पोरी चेटकिणी होतात, अशी चित्रपुस्तिका छापली आणि चर्चवाल्यांना कोलीतच मिळालं. शेवटी १९८९ च्या आवृत्तीतून कंपनीने पिशाच्चं काढली आणि पुढे नावं बदलून परत आणली. पिशाच्चं तीच! आणि आई, त्यांचा सैतान आपल्या देव्हाऱ्यात कधी होता गं?

आमच्याकडे काय चालतं ते सांगते. पाच पोरं, चिप्सची पाकिटं, वीस बाजूंचा फासा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. ओम बुटका पुजारी झालाय, देवाचं नाव घेऊन दुसऱ्यांच्या जखमा बऱ्या करतो. त्या पुजाऱ्याची माहिती लिहायच्या कागदाला खोडरबराने भोक पडलंय. गेल्या वर्षी शाळेत कुणाशी न बोलणारा पोरगा तिथे खदखदून हसतो. ते हसू मी बंद करू?

बाबा, तुम्ही तरी तिला समजवा. जत्रेच्या दशावतारात इतकी वर्षं संकासुर राक्षस कोण व्हायचं? तोंडावरच्या त्या काळ्या कापडाला घाबरून मी भोकाड पसरलं, तर कापड वर करून तुम्हीच माझ्या हातात खाजं ठेवलंत. सकाळी पुन्हा सोसायटीच्या वह्या घेऊन बसलात. अजून तुमच्या मांडीवर बसून दशावतार बघावासा वाटतो.

रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंस, बरं केलंस. ओमच्या परीक्षेलाही उपयोगी पडेल. फक्त त्याच्यापुढे भूतबाधेचा विषय नको. तो तुझी वाट बघतोय, आजीकडून मुंजाची गोष्ट ऐकायचीय त्याला.

तुमची खोली वरच्या मजल्यावर, न्हाणीघराला लागून. खालचा आवाज तिथे येत नाही. उकडे तांदूळ आणून ठेवलेत, देवपूजेला पूर्वेचा कोपरा मोकळा केलाय. आई, गुडघ्याचा पट्टा घालूनच निघायचं आणि विमानतळावर व्हीलचेअर घ्यायचीच, लाजायचं नाही. बाबा, बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या दोनच, नीट गुंडाळून. मागच्या वेळचं आठवतंय ना?

तुमची,
बाय