ओठावरचा फोड आणि वाया जाणारा पहिला दिवस

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काजूचा हंगाम आला की माझ्या फार्मसीच्या काउंटरवर रुमालाने ओठ झाकून येणारी माणसं वाढतात. कोणी म्हणतं बिया भाजताना तेल उडालं, कोणी म्हणतं रात्री कोळी मुतला, कोणी अंगात उष्णता झाली म्हणून बी-कॉम्प्लेक्स मागतं. बियांच्या तेलाने कातडी भाजते, फोडही येतात, हे खरं. पण ते हातांना, बोटांना, जिथे तेल लागेल तिथे. ओठाच्या कडेला दर वेळी त्याच जागी आधी चुणचुणतं आणि मग बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, तो तेलाचाही नव्हे आणि उष्णतेचाही नव्हे. तो हर्पीस. हे नाव काढलं की समोरचा माणूस आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना ते पाहतो, म्हणून हे पत्र.

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला मुख्यतः तोंडाभोवती, दुसरा मुख्यतः जननेंद्रियांपाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात पहिला प्रकार असतो, म्हणजे जवळपास ३८० कोटी माणसं. आपण गोमंतकीय त्यातून सुटलो असू असं मानायला काही कारण दिसत नाही. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, आजीने किंवा मावशीने लाडाने घेतलेल्या पाप्यातून. यात चारित्र्याचा संबंध आला कुठे? कित्येकांना जन्मात एकही फोड येत नाही, तरी विषाणू असतोच. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी जी गाठ असते तिथे जाऊन बसतो आणि तिथून त्याला हुसकावणारं औषध अजून निघालेलं नाही. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारासारखा, राहिला तो राहिला. (मुंडकार बांधवांनी राग मानू नये; त्यांच्या बाजूने निदान कायदा तरी आहे.)

ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, मनावरचा ताण, दाढ काढणं, अशा कुठल्याही निमित्ताने तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून खाली उतरतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन, जत्रांची जागरणं आणि लग्नांची धावपळ एकदमच येते. ज्यांना उन्हाने त्रास होतो त्यांनी सनस्क्रीन असलेला लिप बाम लावावा, बागायतीत जाताना टोपी घालावी. फोडांच्या फेऱ्या त्याने कमी होऊ शकतात.

आता मुख्य मुद्दा. फोड दिसायच्या आधी काही तास, कधी अख्खा दिवस, ती जागा चुणचुणते, खाजते, आतून जळजळते. ज्याला दोन-तीनदा येऊन गेलाय त्याला ही चाहूल बरोबर ओळखू येते. औषधाचा खरा उपयोग याच वेळी. असायक्लोव्हिर आणि त्याची भावंडं विषाणूला अंगातून घालवत नाहीत, त्याची वाढ रोखतात. गंमत अशी की हे औषध कामाला लागतं ते विषाणूच्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे), त्यामुळे लागण झालेल्या पेशींतच ते जोर धरतं आणि निरोगी पेशींना फारसं छेडत नाही. (हे औषध ज्यांच्या विभागात घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. पीएच.डी. त्यांनी कधी पुरी केली नव्हती.) पण फोड फुटून खपली धरेपर्यंत विषाणूचा कारभार बहुतेक आटोपलेला असतो. त्या दिवशी स्ट्रिप मागणाऱ्याकडून पैसे घेताना मला संकोच वाटतो.

आणि लोक नेमके त्याच दिवशी येतात. आधीचे तीन दिवस टूथपेस्ट, चुना, तुरटी आणि लाजेत गेलेले असतात.

मलमापेक्षा गोळी बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच टक्के असायक्लोव्हिरचं मलम दिवसातून पाच वेळा लावावं लागतं आणि नेमाने लावलं तरी दुखणं फार तर अर्धा-एक दिवस लवकर आटोपतं. त्याचंच भावंड असलेल्या व्हॅलासायक्लोव्हिरचा मोठ्या माणसांसाठीचा कोर्स एका दिवसात संपतो: दोन ग्रॅम एकदा, बारा तासांनी पुन्हा दोन ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. चिठ्ठीशिवाय ही औषधं देता येत नाहीत, आणि अडतं ते इथेच. शनिवारी रात्री चुणचुण सुरू झाली तर चिठ्ठी सोमवारी मिळणार, तोवर वेळ टळून गेलेली. ज्यांना वरचेवर येतो त्यांनी फोड नसतानाच डॉक्टरांना भेटावं, चिठ्ठी घ्यावी, गोळ्या घरात ठेवाव्यात. फेऱ्या फारच वाढल्या तर काही महिने रोज लहान मात्रा घेण्याचाही उपाय आहे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा फोड मात्र काही न करता सात ते दहा दिवसांत बरा होतो. थंड पाण्याची घडी, थोडं व्हॅसलिन, दुखलं तर पॅरासिटामॉल. खपली उचकटू नये, हात धुवावेत. दोन आठवड्यांत भरला नाही किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र घरी बसू नये.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जवळपास प्रत्येक घरात कपाटाच्या फळीवर एक अर्धी पिळलेली ट्यूब असते. गजकर्णासाठी आणलेली, मागून गुंडाळत आणलेली, टोपण हरवलेली. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि सोबत जोरदार स्टेरॉईड. ओठावर फोड आला की हीच चोळली जाते. पहिल्या दिवशी लाली उतरते, माणूस खूश होतो. पण स्टेरॉईडने तिथली प्रतिकारशक्ती दाबलेली असते, विषाणूला रान मोकळं मिळतं आणि फोड पसरतात. त्याच बोटाने डोळा चोळला तर प्रकरण गंभीर. डोळ्यातल्या हर्पीसने बुबुळाला व्रण पडतो आणि त्यावर कोणी न तपासता स्टेरॉईडचे थेंब घातले तर नजर जाऊ शकते. ओठावर फोड असताना डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, तर कुठलेही थेंब न घालता थेट नेत्रतज्ज्ञांकडे किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जावं. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉईड मलमं चिठ्ठीवरच द्यायची असा नियम केला. माझ्या व्यवसायबंधूंनी तो मनावर घेतलाय असं मला तरी वाटत नाही.

नागिणीबद्दल थोडक्यात. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. तो कांजिण्यांचा विषाणू, घराणं एकच पण आजार वेगळा. कमरेला वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हे खोटं. औषध त्यावरही असायक्लोव्हिरच चालतं, पण मात्रा बरीच जास्त लागते. म्हणून शेजाऱ्याच्या नागिणीच्या उरलेल्या गोळ्या ओठावरच्या फोडासाठी घेऊ नयेत, आणि उलटही नको.

आपल्याकडे बारशाला, चतुर्थीला घर माणसांनी भरतं आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जातं. मोठ्यांना जो फोड किरकोळ, तो तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत त्याच्यात या विषाणूशी लढायची ताकद नसते. लागण मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाते. ओठावर फोड असलेल्याने, मग ती सख्खी आजी असो, बाळाची पापी घेऊ नये आणि खपली पडून जागा पूर्ण भरेपर्यंत तोंड जवळ नेऊ नये. सून हे सासूला सांगू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे काम मुलाने करावं.

जननेंद्रियांवरच्या हर्पीसबद्दल वर्तमानपत्रात लिहावं की नाही, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. लिहावं. तो दुसऱ्या प्रकाराने होतो तसा मुखमैथुनातून पहिल्यानेही होतो. फोड दिसत नसतानाही लागण होऊ शकते आणि कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यावर तपासणी आणि समुपदेशन फुकट मिळतं. तिथली औषधांची लाल किट याच आजाराची आहे, तिच्यात सात दिवसांच्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या असतात. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच असे फोड आले तर लाज सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं, कारण बाळाला सगळ्यात जास्त धोका तेव्हाच असतो. आणि लक्षणं काहीच नसताना पॅकेजमधल्या रक्ततपासणीत ‘हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह’ (म्हणजे रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली) असं आलं म्हणून ठरलेलं लग्न मोडायला निघालेल्यांनी जरा थांबावं. पहिल्या प्रकारासाठी तसं आलं तर लागण कधी झाली, कोणाकडून झाली, ती ओठाला आहे की आणखी कुठे, यातलं काहीही त्या कागदावरून कळत नाही. लहानपणीच्या त्या पाप्यानेही तो पॉझिटिव्ह येतो.

शेवटी उत्सवी नाटकं करणाऱ्या मंडळांना एक विनंती. आमच्या भागात जत्रेच्या रात्री देवळामागच्या खोलीत रंगभूषाकार एकच लिपस्टिक राजापासून दासीपर्यंत सगळ्यांच्या ओठांवरून फिरवतो, ब्रशही तोच. हर्पीस मुख्यतः थेट स्पर्शाने पसरतो हे मान्य. तरी ताज्या फोडावरून उतरलेली लिपस्टिक पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या ओठावर लावायची गरज काय? कापूस लावलेल्या कागदी काड्या मिळतात, लिपस्टिक त्यावर घेऊन लावावी, काडी टाकून द्यावी. ज्या नटाच्या ओठावर फोड असेल त्याने आपली लिपस्टिक वेगळी आणावी. पडदे आणि ध्वनिक्षेपकावर जेवढं जातं त्यापुढे हा खर्च खजिनदाराच्या लक्षातही येणार नाही.

आपली नम्र,
एक औषधविक्रेती,
डिचोली, गोवा